प्रात्यक्षिक परीक्षेत __फंक__ ला जागा द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मी कोल्हापूरजवळ राहते आणि गेली चोवीस वर्षं सी भाषेत प्रोग्रॅम लिहून पोट भरते. आमच्या गल्लीतली एक मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. दर रविवारी सकाळी चहा झाला की वही आणि लॅपटॉप घेऊन ती माझ्याकडे येते. गेल्या महिन्यात तिची सीची प्रॅक्टिकल झाली. दोन संख्यांचा मसावि काढणारं फंक्शन लिहायचं होतं. तिने ते बरोबर लिहिलं आणि एक ओळ जास्तीची घातली: कोणी दोन्ही संख्या शून्य दिल्या, तर कोणत्या फंक्शनमध्ये आणि कितव्या ओळीवर गडबड झाली ते छापणारी. त्या ओळीत तिने __फंक__ हे नाव वापरलं होतं. घरी ती हीच ओळ रोज वापरते.

लॅबमधल्या निळ्या पडद्यावर मात्र 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' असा शेरा आला. वेळ संपत आली होती. तिने घाबरून तो सगळा भागच खोडला, त्यात एक महिरपी कंसही खोडला गेला आणि प्रोग्रॅम चाललाच नाही. तोंडी परीक्षेत तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "असलं काही सीमध्ये नसतं. पुस्तकात दाखव." पुस्तकात ते नव्हतं. रविवारी ती आली आणि वही न उघडताच तिने विचारलं, "काकू, तुम्ही शिकवलेलं खरं नव्हतं का?" गुणांपेक्षा हा प्रश्न मला लागला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी शिकवलेलं खरं होतं. १९९९ साली सी भाषेचं जे आंतरराष्ट्रीय मानक आलं, ज्याला आम्ही धंद्यातले लोक सी९९ म्हणतो, त्यात ६.४.२.२ क्रमांकाचं कलम आहे. त्यात म्हटलंय की प्रत्येक फंक्शनचा उघडा महिरपी कंस आला की लगेच त्याच्या आत एक नाव आपोआप घोषित झालेलं आहे असं समजावं. फंक ही चार इंग्रजी अक्षरं, पुढे दोन अंडरस्कोअर आणि मागे दोन. या पत्रात मी ते __फंक__ असं लिहिते. त्या नावात त्या फंक्शनचं स्वतःचं नाव साठवलेलं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काहीच करायचं नाही, नुसतं वापरायचं. ही मुलगी जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून हे सीमध्ये आहे.

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठा प्रोग्रॅम म्हणजे शेकडो छोटी कामं, आणि प्रत्येक कामाला एक नाव. त्या कामाला आम्ही फंक्शन म्हणतो. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर पैसे घेणाऱ्याची सही असते, त्यामुळे पुढे काही घोळ झाला तर पोरांपैकी कोणाला विचारायचं ते कळतं. __फंक__ ही तशी सही आहे, आणि ती कंपायलर, म्हणजे आमचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, स्वतः करतो, म्हणून ती खोटी निघत नाही.

ती सही किती मोलाची असते ते मी एका दूध संस्थेत शिकले. २००२ ची गोष्ट. आमच्या छोट्या युनिटने दूध संकलनाचा प्रोग्रॅम केला होता. डेअरीत एक कॉम्प्युटर, त्याच्या एका सीरियल पोर्टला वजनकाटा, दुसऱ्याला फॅट मशीन. काट्यावर कॅन ठेवला की लिटर यायचे, नमुना मशीनला लावला की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक), आणि सभासदाला पावती. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात हा संच बसवला. आठवड्यात सचिवांचा फोन आला की पहाटे संकलन मध्येच अडकतंय. मी गेले. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, ओळ होती: 'रीड_वेट: टाइमआउट'. म्हणजे काटा उत्तर देत नाही. मी काट्याची केबल बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पुन्हा तीच ओळ. पोर्ट बदलला. तिसऱ्या दिवशी कोल्हापुरातून दुसरा काटा नेला, एसटीच्या टपावर बांधून. तरी तेच.

काटा बिचारा धड होता. फॅट मशीनच्या केबलमधली एक पिन सैल झाली होती. फॅट वाचणारं फंक्शन लिहिताना मी वजन वाचणाऱ्या फंक्शनची नक्कल मारली होती आणि संदेशातलं नाव बदलायचं राहून गेलं होतं. फॅटचं फंक्शन अडकत होतं आणि वजनाच्या नावाने ओरडत होतं. कंपायलरला त्यात काहीच गैर दिसणार नव्हतं, कारण अवतरणातला मजकूर तो वाचत नाही, जसाच्या तसा ठेवून देतो.

त्या तीन दिवसांत फॅट मोजता येत नसल्यामुळे सचिवांनी सगळ्यांना सरसकट एकच फॅट लावलं. दुसरा मार्गच नव्हता, रांगेत माणसं थांबलेली, टँकर यायची वेळ झालेली. रांगेत एक आजी होत्या, घरी एकच म्हैस, रोजचं जेमतेम चार लिटर दूध, पण त्यांच्या दुधाचं फॅट साऱ्या डेअरीत उजवं. पावती हातात घेऊन त्या काही बोलल्या नाहीत, नुसती माझ्याकडे आणि मशीनकडे पाहून किटली उचलून गेल्या. ती पावती छापणारा प्रोग्रॅम माझा होता. हाताने लिहिलेलं फंक्शनचं नाव त्या दिवसापासून मी संदेशात ठेवत नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, काम करणाऱ्यांनी हाच धडा नियम करून ठेवला आहे. तिथे कोड पाठवण्याआधी चेकपॅच नावाची एक स्क्रिप्ट चालवतात. संदेशात त्याच फंक्शनचं नाव हाताने लिहिलेलं दिसलं, तर ती टोकते आणि __फंक__ वापरा म्हणून सांगते. जगभरची माणसं ज्या कोडवर एकत्र काम करतात तिथे ज्याची शिस्त लावली जाते, ते आमच्या मुलीने परीक्षेत केलं तर चूक कसं?

आता या नावाला कोणत्या कंपायलरने कधी जागा दिली ते सांगायला हवं, कारण परीक्षकांच्या आणि माझ्या मतभेदाचं मूळ तिथे आहे. १९८९ च्या जुन्या मानकात फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, तारीख आणि वेळ देणारे मॅक्रो होते (मॅक्रो म्हणजे असं नाव, ज्याच्या जागी कंपायलर सुरुवातीलाच ठरलेला मजकूर घालतो), पण फंक्शनचं नाव देणारं काही नव्हतं. म्हणून कंपायलर बनवणाऱ्यांनी आपापल्या परीने सोय केली. जीसीसी या फुकट मिळणाऱ्या कंपायलरने __फंक्शन__ असं पूर्ण लांबीचं नाव दिलं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनेही पुढे तेच नाव दिलं. नाव एक, पण वागणूक वेगळी. मायक्रोसॉफ्टकडे तो अवतरणातला मजकूर, म्हणजे शेजारच्या मजकुराला चिकटवता येतो. जीसीसीमध्ये सीपुरता ३.३ आवृत्तीपर्यंत तसाच होता, ३.४ पासून तो व्हेरिएबल झाला, म्हणजे चिकटवता येईनासा झाला.

हा फरक मी चांगलाच अनुभवला आहे. डेअरीच्या त्या प्रकारानंतर मी उत्साहाने सगळीकडे __फंक्शन__ घातलं, तेही शेजारच्या मजकुराला चिकटवून. रेड हॅट ९ या लिनक्सवर ते चालायचं. कंपाइल करताना 'असं चिकटवणं आता मोडीत निघालं आहे' अशी वॉर्निंग यायची आणि मी ती पुढे ढकलत राहिले. मग आम्ही फेडोरा कोअर ३ हे नवं लिनक्स घेतलं, त्यात जीसीसी ३.४ होता, आणि दोनशेच्या वर ठिकाणी सिंटॅक्स एररची रांग लागली. एका रात्रीत सगळ्या ओळी बदलल्या: नाव मजकुराला न चिकटवता टक्का-एसच्या, म्हणजे नंतर मजकूर भरायच्या खुणेच्या, जागी वेगळं दिलं. तेव्हाच सगळीकडे मानकातलं __फंक__ केलं. त्यानंतर चार वेळा कंपायलर बदलला, त्या ओळींना हात लावावा लागला नाही.

चिकटवता का येत नाही, हा प्रश्न त्या मुलीनेही विचारला होता आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं. सीच्या मानकात प्रोग्रॅमच्या भाषांतराचे आठ टप्पे सांगितले आहेत. मॅक्रो चौथ्या टप्प्यात उलगडतात. शेजारशेजारचे अवतरणातले मजकूर सहाव्या टप्प्यात जोडले जातात. आणि हे वाक्य आहे, हे फंक्शन आहे, त्याचा कंस इथे उघडला, हे व्याकरण सातव्या टप्प्यात समजतं. फाइल कोणती आणि ओळ कितवी हे चौथ्या टप्प्यात माहीत असतं, म्हणून ते मॅक्रो होऊ शकतात. आपण कोणत्या फंक्शनच्या आत आहोत हे तोपर्यंत कोणालाच माहीत नसतं. म्हणून मानकाने __फंक__ ला मॅक्रो केलं नाही, आयडेंटिफायर, म्हणजे व्हेरिएबलसारखं नाव, केलं: न बदलणाऱ्या अक्षरांचा स्थिर ॲरे (रांग). हे सांगितल्यावर तिने वहीत आठ चौकटी काढल्या आणि सातव्या चौकटीत फंक्शनचं नाव लिहिलं. मग स्वतःहूनच म्हणाली, "म्हणजे इफडेफने ते आहे का हे विचारताच येणार नाही, बरोबर?" अगदी बरोबर. इफडेफ ही सूचना फक्त मॅक्रो आहे का तेच पाहते. त्यासाठी मानकाची आवृत्ती सांगणारा मॅक्रो तपासावा लागतो, त्याची किंमत १९९९०१ किंवा जास्त असली की __फंक__ आहे.

दुसऱ्या रविवारी तिने चुका लिहिण्याचं काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये हलवलं आणि तक्रार घेऊन आली की सगळीकडे 'चूक_लिही' हेच नाव येतंय. नाव ज्या कंसात लिहिलं त्याच फंक्शनचं येणार, बोलावणाऱ्याचं नाही. म्हणून त्यावर मॅक्रोचं वेष्टण घालावं लागतं, म्हणजे नाव बोलावणाऱ्याच्या कंसात जाऊन पडतं. एका तासात तिला फंक्शन आणि मॅक्रो यांतला फरक कळला. 'फंक्शन व मॅक्रो यांतील फरक लिहा, ४ गुण' या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर तिच्या वहीत आधीच होतं, पण तो फरक हाताला लागला तो त्या दिवशी.

मायक्रोसॉफ्टने __फंक__ व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये घेतलं. सी++ च्या मानकात ते २०११ सालीच आलं होतं. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलरही ते ओळखतात. सीच्या असर्ट या, अट खोटी ठरली की प्रोग्रॅम थांबवणाऱ्या, मॅक्रोचा संदेशही १९९९ च्या मानकानुसार फाइल आणि ओळीबरोबर फंक्शनचं नाव सांगतो, तोही याच सोयीच्या जोरावर. आज कामाच्या जगात हे नाव नसलेला कंपायलर शोधावा लागेल.

आणि तो आमच्या लॅबमध्ये सापडतो. निळा पडदा, कंट्रोल-एफ९ दाबून चालवायचं, ऑल्ट-एफ५ दाबून उत्तर पाहायचं. टर्बो सी या जुन्या कंपायलरचा हा पडदा, आणि त्याच्याबद्दल मला अनादर नाही. मी स्वतः त्यावरच शिकले. एडिटर, कंपायलर आणि मदतीची पानं एकाच जागी देणारं, साध्या मशीनवर चटकन चालणारं असं दुसरं काही तेव्हा आमच्या हाताशी नव्हतं. पण आपल्याकडे शिकवतात ती त्याची आवृत्ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आहे, म्हणजे १९९९ च्या मानकाच्या आधीची. त्याला __फंक__ माहीत असणं शक्यच नाही, त्याची चूक नाही. त्यात इंट दोनच बाइटचा असतो, म्हणून ३२,७६७ च्या पुढे गेलेली बेरीज उणे होऊन बसते आणि पोरांना वाटतं सी भाषाच तशी आहे. ६४ बिटचं विंडोज जुने १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून आता लॅबमध्ये आधी डॉसबॉक्स टाकतात, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा करतात, आणि त्यात टर्बो चालवतात. इतकी खटपट करण्याऐवजी जीसीसी टाकणं कितीतरी सोपं आहे, आणि तो फुकट आहे.

शिक्षकांची अडचण मला कळते. छापील पुस्तकं, जर्नलमधले प्रयोग, पडदा पुसणारी क्लिअर-स्क्रीनची आणि कळ दाबेपर्यंत थांबणारी गेट-सीएचची ओळ, सगळं त्या निळ्या पडद्यावर बेतलेलं आहे. एका बॅचला साठ मुलं असताना नवं काही बसवायला वेळ कुठून आणायचा? त्या दोन ओळी आणि त्यांच्यासाठी वर जोडलेली कोनिओ.एच ही फाइल काढली आणि व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिहिलं, की पहिल्या वर्षाच्या जर्नलमधले बहुतेक प्रयोग जीसीसीवर तसेच चालतात. ग्राफिक्सचे प्रयोग राहतील, ते मी मान्य करते. पण मसावि, फॅक्टोरियल, मॅट्रिक्सचा गुणाकार आणि लिंक्ड लिस्ट यांना टर्बोची काहीच गरज नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि मराठी वाचकांसाठी ती मला महत्त्वाची वाटते. १९९९ च्या त्याच मानकाच्या परिशिष्टात नावांमध्ये चालणाऱ्या अक्षरांची यादी आहे आणि तिच्यात देवनागरी आहे. जीसीसीच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ती अक्षरं थेट टाइप करून नाव देता येतं. परीक्षेनंतरच्या रविवारी, ती इतकी उदास होती म्हणून, मी तिला म्हटलं, तुझ्या फंक्शनचं नाव मराठीत लिही. तिने 'मसावि' असं लिहिलं, दोन्ही संख्या शून्य दिल्या आणि चालवलं. काळ्या टर्मिनलवर ओळ उमटली: 'मसावि, ओळ १४: दोन्ही संख्या शून्य आहेत'. ते 'मसावि' तिने अवतरणात कुठेच लिहिलं नव्हतं. कंपायलरने तिच्या फंक्शनचं नाव तिच्याच लिपीत तिला परत दिलं होतं. तिने मोबाइलवर फोटो काढून आईला दाखवला. आई सातवी शिकलेली, तिने ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मसावि म्हणजे लसावि-मसावितलाच ना?"

कामाच्या ठिकाणी आम्ही नावं इंग्रजीतच ठेवतो, पुढे कोणाच्या हातात कोड जाईल ते माहीत नसतं, आणि मुलांनीही ती सवय लावावी. पण पहिल्या वर्षाला, कल्पना डोक्यात उतरत असताना, ही सोय हाताशी असताना ती मुलांपासून लांब का ठेवायची?

आपल्या वृत्तपत्रातून अभ्यासक्रम मंडळांवरच्या आणि परीक्षा घेणाऱ्या गुरुजनांना माझी विनंती आहे. सीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत निदान एका यंत्रावर सी९९ ओळखणारा कंपायलर ठेवावा आणि मुलाला कोणता हवा ते विचारावं. प्रश्नपत्रिकेवर किंवा जर्नलच्या पहिल्या पानावर कोणत्या मानकाची सी अपेक्षित आहे ते वर्षासकट छापावं, म्हणजे परीक्षक आणि विद्यार्थी एकाच भाषेबद्दल बोलतील. मुलाने पुस्तकाबाहेरचं काही लिहिलं, तर 'नसतं' म्हणण्याआधी ते मानकात आहे का एवढं पाहावं. आणि आमच्या या मुलीसारखी ज्यांची ओळ फक्त लॅबच्या कंपायलरला माहीत नाही म्हणून अडली, त्यांचे त्या ओळीसाठी गुण कापू नयेत.

कोल्हापूर, हातकणंगले, करवीर या भागातल्या ज्या कॉलेजला किंवा शाळेला लॅबमध्ये जीसीसी बसवून हवा असेल, पहिल्या वर्षाचे प्रयोग त्यावर चालतात का हे एकेक करून पाहायचं असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी मुलीचा तास झाल्यावर मी मोकळी असते. पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः येईन, पैसे घेणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक व प्रोग्रॅमर,
जि. कोल्हापूर